पोत्यातली पांढरी

हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडला की आमचा कारखाना ओस पडतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार आला की पुरुषमंडळींना आजारपणं येतात, सासवा मरतात, गाड्या बंद पडतात. आणि मग हेच आजारी लोक गाडीच्या टपावर हरीण बांधून गावभर मिरवत येतात. साहेब काही बोलत नाहीत, कारण साहेबही कुठल्यातरी झाडावर मचाण बांधून बसलेले असतात. मला ना बंदुकीची हौस, ना हरणाच्या मांसाची. मी आपली माझ्या टेबलाशी बसून रबर जाळते. त्याचाच मला पगार मिळतो.

खाणीतून कोळसा बाहेर आणणारा लांबलचक पट्टा असतो ना, तो आम्ही बनवतो. खाणीत पट्टा पेटला तर आग माणसापर्यंत पोचायच्या आधी धूर पोचतो, आणि तिथे पळायला अंगण नसतं. म्हणून आमच्या रबरात ढिगाने पांढरी पूड मळतात. कागदावर तिचं नाव हायड्रेट. दिसायला मैदा, पण तिच्या पोटात पाणी दडलेलं असतं. रबर तापलं की ते पाणी वाफ होऊन निघतं आणि ज्वाळेचा जीव जातो. मी प्रत्येक लॉटच्या सुरुवातीची एक पट्टी कापते, बर्नरवर धरते, बर्नर बाजूला घेते आणि ज्वाळा आपली आपण विझते का ते बघते. विझली तर पट्टा गाडीत चढतो. माझा धाकटा भाऊ डेलमर वेस्ट व्हर्जिनियात खाणीवर पट्ट्याचा मुकादम आहे. त्यामुळे ‘चालतंय तेवढं’ हे शब्द माझ्या टेबलावर चालत नाहीत.

शिकारीचा हंगाम संपून थोडे दिवस झाले होते. मी आणि एमिल ह्राबाक डबा खात बसलो होतो. एमिल शेजारच्या लाइनवर गाडीत अंथरायच्या चटयांचं रबर मळतो. आमच्यात एक भिंत आणि एक दार, एवढंच अंतर. त्याच्या डब्यात नेहमीप्रमाणे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा होता, आणि तोंडात नेहमीप्रमाणे तक्रार.

“ट्रॅव्हिसने तुला हरणाचं सॉसेज दिलं?” त्याने विचारलं. ट्रॅव्हिस म्हणजे आमच्या पट्ट्याचं रबर मळणारा.

“दिलं. कुत्र्याला घातलं.”

“मला तेवढंही नाही. आणि तो शिकारीला गेला त्या सोमवारी त्याच्या मिक्सरवर घाम कुणी गाळला? मी. जाताना त्याला विचारलं, बाबा रे, काय काय टाकायचं. तर म्हणतो कसा, तुझ्यासारखंच रे सगळं, फक्त पांढरी दुप्पट. दुप्पट म्हणे. आमच्या रॅकपासून तुमच्या मिक्सरपर्यंत पोती ओढून माझी कंबर गेली.”

“तुमच्या रॅकपासून का?”

“मग काय करू? तुमच्या रॅकवर दोनच फाटकी पोती उरली होती. पांढरी ती पांढरी. आमची काय काळी आहे?”

माझा घास तोंडातच राहिला. भिंतीच्या अलीकडे आम्ही ‘पांढरी’ म्हणतो ते हायड्रेट. भिंतीच्या पलीकडे चटईवाले ‘पांढरी’ म्हणतात ती चुनखडी, दळलेला दगड, रबराचं नुसतं वजन वाढवणारी स्वस्त पूड. कागदावर खरी नावं असतात, पण कागद वाचून रबर मळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. इतकी वर्षं दोन्हीकडे एकच शब्द होता, आणि कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडायला चटईवाल्याला आमच्या मिक्सरवर उभं राहायला हवं होतं, आणि ते होतं फक्त हरणांमुळे.

“एमिल,” मी म्हटलं, “त्या दिवशी किती रबर मळलंस?”

“दिवसभर. का गं? तोंड का असं केलंस?”

 तो लॉट ट्रॅव्हिसने सुट्टीच्या आधी सुरू केला होता. माझी पट्टी त्या सुरुवातीच्या तुकड्यातली, ती झटकन विझली होती. कडकपणा बरोबर, वजन जेमतेम बरोबर, सगळं पास. त्यानंतरचं रबर एमिलच्या हातचं होतं, आणि त्याला कुणी काडी लावलीच नव्हती. पट्टा कधीच गेला होता. कुठे गेला तेही मला ठाऊक होतं, कारण डेलमरने फोन करून मला चिडवलं होतं, “ताई, तुझा पट्टा आला बरं का. दोन्ही टोकं जोडली, गाठ मारून चालू केला. आता कोळशाला तुझ्या हाताची चव येणार.”

गोदामात त्या पट्ट्याच्या शेपटाकडचा कापून टाकलेला तुकडा पडला होता. मी त्याची पट्टी कापली. एमिल माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी बर्नर लावला, पट्टी पेटली, बर्नर काढला. नेहमी काय होतं, ज्वाळा एकदा थरथरते आणि खाली बसते. ही बसली नाही. ती पट्टीवर सावकाश वर चढत गेली, काळा धूर सोडत, शेवटी चिमटा गरम झाला तेव्हा मी तो पाण्यात टाकला. दुसरी पट्टी घेतली. तीही तशीच. 

“विझायला हवी होती ना?” एमिलने विचारलं.

“हो.”

तो माझ्यामागोमाग साहेबांच्या खोलीचा जिना चढला.

वेंडल आमचा मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण घाबरट, आणि घाबरट माणसाच्या हातात फोन असला की तो फोन तसाच राहतो. मी त्याच्यासमोर जळकी पट्टी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने ती पेन्सिलीने उलटीसुलटी केली.

“एक पट्टी म्हणजे अख्खा पट्टा नव्हे, नेल्डा.”

“साहेब, दोन जाळल्या. हव्या तर आणखी जाळते, तुमच्या टेबलावर जाळते. आधी खाणीला फोन करा.”

“आणि काय सांगू? खाण बंद करा म्हणून? उद्या बाहेरच्या लॅबमध्ये तुकडा पाठवू. त्यांचं उत्तर येऊ दे.”

“तोवर पट्टा चालूच राहणार. खाणीत आत माणसं आहेत. माझा भाऊ आहे तिथे.”

“तेच तर. तुझा भाऊ आहे, म्हणून तुझं डोकं ठिकाणावर नाही.” मग तो एमिलकडे वळला आणि आवाज अगदी मऊ केला. “एमिल, नीट आठव. पोती नक्की चटईच्या रॅकवरचीच होती? की आता नेल्डा म्हणते म्हणून तुला तसं वाटतंय? खात्री नसेल तर नाही म्हण. तुला कुणी काही म्हणणार नाही.”

एमिलने टोपी काढली, तिच्यात बघितलं, परत घातली. त्याची बायको आजारी असते, या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“खात्री अशी…” तो म्हणाला, “आता एवढ्या दिवसांनी खात्री कशी देणार, साहेब.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यात मी त्याला गाठलं. “लाज नाही वाटत? आत्ता डबा खाताना खात्री होती, दहा पायऱ्या चढल्यावर गेली?”

“माझं काय चुकलं ते सांग आधी,” तोही तडकला. “पांढरी म्हणाला, पांढरी टाकली. चूक त्या ट्रॅव्हिसची. नोकरी माझी जाणार.”

“चूक तुझी नाही, मला मान्य आहे. पण पूड तुझ्या हातची आहे आणि ते फक्त तूच सांगू शकतोस.”

 मी त्याला तिथेच सोडून माझ्या खोलीत आले आणि खाणीचा नंबर फिरवला. साहेबाला न विचारता बाहेर फोन केला तर घरी पाठवतात, ते मला ठाऊक होतं. पाठवू देत, म्हटलं.

पट्टा जिथे डोंगरातून बाहेर येतो तिथल्या शेडमध्ये डेलमर बसतो. फोनवर मागून यंत्राची घरघर इतकी होती की दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

“ताई? दिवसाढवळ्या फोन? हरणाची मांडी ठेवलीय तुझ्यासाठी, काळजी करू नकोस.”

“डेलमर, पट्टा थांबव.”

“काय?”

“पट्टा थांबव. त्यात चुकीचं रबर आहे. पेटला तर विझणार नाही.”

 “तुझ्या साहेबाने सांगितलं?”

“नाही. मी सांगते.”

“ताई, ऐक. पट्टा असा उगीच थांबवता येत नाही. आत कुठेतरी पट्ट्याखालचा एखादा फिरता रूळ अडकून तापलेला असतोच. पट्टा चालू असतो तोवर पुढे सरकत राहतो. थांबला की त्याच गरम रुळावर टेकून बसतो, आणि पेटायचा तर तेव्हाच पेटतो. तू म्हणतेस तसं रबर असेल, तर थांबवायच्या आधी मला अख्ख्या पाळीची माणसं बाहेर काढावी लागतील. कोळसा बंद. सुपरिंटेंडंट मला कच्चा खाईल. कारण दे मला. नुसती भीती नको. तू मला लहानपणी ओढ्यात पायसुद्धा घालू दिला नाहीस.”

“गाठ मारताना कापलेला तुकडा पडलाय का तुझ्याकडे? बाहेर नेऊन जाळून बघ.”

“फोन धर,” तो म्हणाला आणि गेला. मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले. दारात सावली पडली, बघते तर एमिल. तो आत आला नाही, गेलाही नाही.

डेलमर परत आला तेव्हा हसत होता. “विझली, ताई. गॅसची ज्योत बाजूला काढली आणि लगेच विझली. झालं समाधान?”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही बरं वाटलं. एमिलने तर भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. पण मग माझ्या लक्षात आलं.

“ते सुरुवातीचं टोक असणार. सुरुवातीचं रबर चांगलंच आहे, ते दुसऱ्या माणसाने मळलंय. त्यानंतरचं शेपटापर्यंत सगळं वाईट आहे, तिकडच्या दोन पट्ट्या मी इथे जाळल्या, विझल्या नाहीत. हायड्रेटऐवजी त्यात चुनखडी पडलीय.”

“चुनखडी?” आता तो खदखदून हसला. “अगं मग रडतेस कशाला? बोगद्यात भिंतीवर, छपरावर, सगळीकडे आम्ही दुसरं काय फवारतो? चुनखडीच ना. कोळशाची धूळ पेटू नये म्हणून. आपल्या आजोबांपासून सगळे त्या पांढऱ्या पुडीवर जगलेत. तिनेच आग थांबते, ताई.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने मी ओरडून सांगत होते की पट्ट्यात औषध जास्त पडलंय. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी आणखी ओरडते.

“भिंतीवर ती धुळीत मिसळते म्हणून कामाची. रबरात उलटं होतं. पट्ट्याचं रबर तापलं की त्यातून एक आम्लाचा वायू निघतो, तो आगीचा गळा धरतो. चुनखडी तो वायूच गिळून टाकते. शिवाय हायड्रेटसारखं तिच्या पोटात पाणी नसतं. तुझ्या रबराचं पाणी काढून घेतलंय आणि वायूही काढून घेतलाय. राहिलं काय? टायरसारखं जळेल ते.”

“पुस्तकातलं मला नको सांगूस.” त्याचा आवाज आता चढला होता. “मी स्वतः पेटवली, विझली. तुझा साहेब म्हणत नाही, कुणीच म्हणत नाही, एकटी तू म्हणतेस. पूड टाकताना तू बघितलीस?”

“नाही.”

“मग कुणी बघितली?”

मी एमिलकडे बघितलं.  सगळं बोलून झालं होतं. तो दारातून पुढे आला, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. मी कान जवळ नेला.

“हॅलो,” तो म्हणाला. “मी एमिल ह्राबाक. चटईवाला. तुमच्या पट्ट्यात पांढरी मी टाकली.”

“कुठली?”

“आमच्या रॅकवरची. पोत्यावर आमचा चटईवाल्यांचा हिरवा शिक्का होता. दिवसभर तीच टाकली. सुरुवात सोडली तर तुमचा सगळा पट्टा माझ्या हातचा आहे.”

“नक्की?”

 “आत्ताच साहेबाला सांगून आलो की खात्री नाही म्हणून. खोटं सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो. नक्की.”

 मग डेलमर म्हणाला, “फोन ठेवू नका,” आणि रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज आला. त्यानंतर तो लांबून ओरडताना ऐकू आला, आतल्या लोकांना बाहेर बोलावत होता.

आम्ही दोघं तो रिसीव्हर मधे धरून उभे राहिलो. पट्टा चालूच होता. आता मला तो चालू असण्याचीही भीती वाटत होती आणि थांबण्याचीही. खूप वेळाने माणसांचे आवाज यायला लागले. बाहेर आलेला प्रत्येक जण आपलं नाव पुकारून फळीवरचा पितळी बिल्ला फिरवतो, ती रीत मला माहेरची माहीत आहे. टॉलिव्हर. एस्टेप. जस्टस. कुणी खोकत होता, कुणी शिव्या देत होता की काम बंद कशाला केलं. थोरला मलिन्स. धाकटा मलिन्स. एमिलचे ओठ हलत होते, तो प्रत्येक नाव मनात म्हणत होता. मधे बराच वेळ कुणीच आलं नाही, तेव्हा त्याने माझं मनगट इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. मग आणखी दोन नावं आली, आणि मग घरघर खाली खाली जात थांबली. एवढा वेळ ओरडून बोललो होतो, आता पलीकडच्या माणसाच्या बुटाचा आवाजही ऐकू येत होता.

“ताई, पाळी सगळी बाहेर आहे,” डेलमर म्हणाला. “आम्ही तिघं पाण्याचा पाइप घेऊन आत जातो. पट्ट्याच्या कडेने चालत बघून येतो.”

“तू कशाला? दुसऱ्या कुणाला पाठव.”

“मुकादम कोण आहे?” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी स्टुलावर बसले. मीच त्याला हाका मारून बाहेरचा आत पाठवला होता, एवढंच डोक्यात फिरत होतं. वेंडल केव्हा येऊन उभा राहिला कळलं नाही. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. तो “फोन कुणाच्या परवानगीने” असं म्हणायला लागला, आमच्या दोघांची तोंडं बघून गप्प झाला आणि तोही तिथेच थांबला. एमिल उभाच होता. त्याला बस म्हटलं तर बसेना.

फोन वाजला तेव्हा मी तो पाडणारच होते.

“एक रूळ अडकलेला सापडला,” डेलमर म्हणाला. त्याला दम लागला होता. “लालबुंद नव्हता, पण थुंकी टाकली तर चुर्र झाली. वर पट्टा टेकलेला, धूर निघायला लागला होता. पाणी मारून मारून थंड केला. मग तिथलाच तुकडा कापून बाहेर आणला आणि पोरांसमोर जाळला.”

“मग?”

“नाही विझत, ताई. आत्ताही जळतोय. सगळे गोल करून बघताहेत.” तो थांबला. “त्या माणसाला दे.”

एमिलने रिसीव्हर घेतला. यावेळी मला ऐकू आलं नाही. तो नुसता “हो” म्हणाला, परत “हो” म्हणाला, मग हळूहळू एकेक अक्षर सुटं करून आपलं आडनाव सांगितलं. फोन ठेवल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“काय म्हणाला?” वेंडलने विचारलं.

“नाव नीट विचारत होता. पोरांना हवंय म्हणे. आज घरोघर जेवायला बसताना प्रार्थनेत घ्यायचंय, चुकायला नको.” एमिलचा आवाज फाटला. “ती पूड मी टाकली, नेल्डा. मी. आणि ते माझं नाव घेणार आहेत.”

  वेंडल खिशातलं पेन चाचपत राहिला, मग म्हणाला, “एमिल, मघाशी तू म्हणालास की…”

“मघाशी म्हणालो ते विसरा,” एमिल म्हणाला. “मला खात्री आहे, साहेब. काय करायचं ते करा. पण आधी तो लॉट दुसऱ्या कुठल्या खाणीवर गेलाय ते बघा, आणि फोन मला लावून द्या.”